रोआनोकची माणसं पत्ता ठेवून गेली होती

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर आणि यूट्यूबच्या 'अनुत्तरित रहस्ये' छापाच्या चॅनेलांवर एक गोष्ट सारखी फिरत असते. थोडक्यात ती अशी: "१५८७ साली ११७ इंग्रज अमेरिकेतल्या रोआनोक बेटावर वस्ती करायला गेले. तीन वर्षांनी जहाज परत आलं तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. घरं जशीच्या तशी, ताटांत अन्न तसंच, झटापटीची एक खूण नाही. ११७ माणसं एका रात्रीत हवेत विरली. मागे उरला फक्त झाडावर कोरलेला एक गूढ शब्द, क्रोएटोआन, ज्याचा अर्थ आजवर कोणालाही लागलेला नाही. जंग जंग पछाडूनही एक हाड सापडलं नाही. पुढे हाच शब्द एडगर अ‍ॅलन पो मरताना पुटपुटला, अमेलिया इअरहार्टच्या वहीत सापडला, एका भुताळी जहाजाच्या नोंदवहीत शेवटच्या पानावर सापडला. चारशे वर्षं शास्त्रज्ञ हतबल आहेत." खाली कवटीची इमोजी आणि 'पुढे पाठवा'.

गोष्ट झकास आहे. वीज गेल्यावर मुलांना सांगायला तर फारच उत्तम. पण ज्या माणसाने ती ओसाड जागा स्वतः पाहिली, त्याची लेखी जबानी उपलब्ध आहे आणि ती या मजकुराशी जवळपास कुठेच जुळत नाही.

तो माणूस म्हणजे जॉन व्हाइट. चित्रकार, आणि या वसाहतीचा गव्हर्नर. त्याची मुलगी एलेनॉर, जावई अनानायस डेअर आणि जेमतेम नऊ दिवसांची नात व्हर्जिनिया ही सगळी मागे राहिली होती, तेव्हा खोटं लिहिण्यात त्याचा काही फायदा नव्हता. १५९० च्या त्या सफरीचं त्याने लिहिलेलं टिपण रिचर्ड हॅकलुइट नावाच्या पाद्र्याने आपल्या प्रवासवर्णनांच्या जाडजूड संग्रहात छापलं. जाता जाता सांगायचं तर याच संग्रहात राल्फ फिचही आहे. १५८३ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी गोव्यात डांबलेला आणि फादर थॉमस स्टीफन्स यांच्या खटपटीने जामिनावर सुटलेला तो हाच इंग्रज व्यापारी. मराठीचं कौतुक ओव्यांतून गाणारे स्टीफन्स आणि रोआनोकचे 'गायब' लोक एकाच काळातले, हे कोणी लक्षात घेत नाही. म्हणजे हा काही दंतकथांचा काळ नव्हे. लोक पत्रं लिहीत होते, हिशेब ठेवत होते, याद्या करत होते.

यादीपासूनच सुरुवात करू.

"११७ माणसं एका रात्रीत..."

११७ हा आकडा छापील यादीतला आहे: ९१ पुरुष, १७ बायका, ९ मुलं. पण ती यादी एकदा वाचा तरी! त्यातलं पहिलंच नाव जॉन व्हाइटचं आहे. म्हणजे ज्याने परत येऊन ओसाड वस्ती पाहिली, त्यालाच हा मजकूर गायब झालेल्यांत मोजतो. यादीत सायमन फर्नांडिसही आहे. तो जहाजांचा खलाशी-वाटाड्या. जहाजांबरोबर आला आणि परत गेला. आणि यादीत जॉर्ज हाऊ आहे. हा बिचारा बेटावर उतरल्याला आठवडा होतो न होतो तोच, २८ जुलैला, उथळ पाण्यात एकटा खेकडे पकडत असताना मारला गेला. अंगावर बाणांच्या सोळा जखमा होत्या. उलट बेटावर जन्मलेली दोन मुलं यादीच्या आकड्यात नाहीत. एक व्हर्जिनिया डेअर, दुसरं हार्वी दांपत्याचं. बेरीज-वजाबाकी केली की साधारण ११६ माणसं मागे राहिली असं धरता येतं.

आणि 'एका रात्रीत'? व्हाइट रसद आणायला इंग्लंडला निघाला २७ ऑगस्ट १५८७ ला. परत पाऊल ठेवलं १८ ऑगस्ट १५९० ला. मधली तीन वर्षं एकाही इंग्रजाने ती वस्ती पाहिलेली नाही. तीन वर्षांत कधीतरी लोक तिथून हलले एवढंच ठामपणे म्हणता येतं. मधल्या काळात एकच बातमी आहे, तीही शत्रूकडची. जून १५८८ मध्ये व्हिसेंते गोन्सालेस हा स्पॅनिश कप्तान इंग्रजांचा ठावठिकाणा हुडकत तिथे पोचला. होड्या ओढून घ्यायचा उतार आणि इंग्रजी पिंपं जमिनीत पुरून केलेल्या विहिरी त्याला दिसल्या. माणूस दिसला नाही.

तीन वर्षं का लागली, याचीही फार गूढ कारणं नाहीत. १५८८ मध्ये स्पेनचं आरमार चालून येणार म्हणून राणी एलिझाबेथने मोठी जहाजं बंदरातच अडकवून ठेवली. व्हाइटला कशीबशी दोन छोटी गलबतं मिळाली. त्यांच्या कप्तानांना रसद पोचवण्यापेक्षा वाटेत दुसऱ्यांची जहाजं लुटण्यात रस. मदेइराच्या आसपास त्यांच्यापेक्षा तगड्या फ्रेंच लुटारूंशी गाठ पडली आणि हेच लुटले गेले. व्हाइटच्या डोक्यावर तलवारीचा एक आणि भाल्याचा एक घाव बसला, शिवाय एक गोळी ढुंगणाला चाटून गेली. हे तो स्वतःच लिहितो. चोरावर मोर भेटले, रसद राहिली, आणि गलबतं मुकाट्याने इंग्लंडला परतली.

"घरं जशीच्या तशी, ताटांत अन्न तसंच, झटापटीची खूण नाही"

ताटांचा उल्लेख व्हाइटच्या टिपणात शोधूनही सापडत नाही. ताटं ठेवायला घरंच नव्हती! घरं उतरवून नेलेली होती. उतरवून, हे महत्त्वाचं. पडलेली नाहीत, जळलेली नाहीत. त्यांच्या जागी मोठमोठ्या झाडांच्या ओंडक्यांचा उंच कोट उभा होता, किल्ल्यासारखा, वळणं आणि बुरूज काढलेला. व्हाइट निघाला तेव्हा हा कोट नव्हता. म्हणजे तो गेल्यावर या लोकांनी भरपूर दिवस राबून संरक्षणाची व्यवस्था केली आणि त्यानंतर कधीतरी सामान बांधलं.

मागे काय राहिलं होतं ते बघा. लोखंडाच्या कांबी, शिशाच्या लगडी, जड तोफा आणि तोफगोळे, सगळं गवतात इकडे-तिकडे पडलेलं. काय नव्हतं? होड्या नव्हत्या. मचवा नव्हता. व्हाइटने जाताना त्यांच्यापाशी सोडलेल्या हलक्या तोफा नव्हत्या. व्हाइटची माणसं मुद्दाम खाडीच्या टोकापर्यंत चालत जाऊन हे पाहून आली. घर बदलताना आपणही दगडी जातं आणि लोखंडी कपाट शेवटच्या खेपेला ठेवतो, आणि ती खेप बरेचदा होतच नाही. हलकं ते नेलं, जड ते टाकलं. घाबरून पळालेली माणसं घराच्या फळ्या उतरवत बसत नाहीत.

एक गोष्ट मात्र खरोखर विस्कटलेली होती. व्हाइटच्या पेट्या. पाच पेट्या वसाहतवाल्यांनी काळजीपूर्वक पुरून ठेवल्या होत्या आणि नंतर कोणीतरी त्या उकरून फोडल्या होत्या. त्यातल्या तीन त्याच्या स्वतःच्या. पुस्तकांची बांधणी फाडलेली, चित्रांच्या आणि नकाशांच्या चौकटी पावसाने कुजलेल्या, चिलखत गंजाने खाऊन टाकलेलं. ज्याच्या जलरंगातल्या चित्रांमुळे त्या किनाऱ्यावरचे लोक, त्यांची गावं, मासे पकडायचे त्यांचे बांध जगाला माहीत झाले, त्या चित्रकाराला आपली चौकट मातीत कुजलेली दिसली. या तपशिलात मला ताटातल्या अन्नापेक्षा कितीतरी जास्त जीव वाटतो. पण मजकुरात तो येत नाही, कारण पावसाने कुजलेली वस्तू भुताने केली असं म्हणता येत नाही.

"झटापटीची खूण नाही" हे तेवढं बरोबर आहे. पण त्यावरून चमत्कार सिद्ध होत नाही. माणसं आपल्या पायांनी गेली, एवढंच सिद्ध होतं.

"गूढ शब्द, ज्याचा अर्थ आजवर कोणालाही लागलेला नाही"

इथे तर हात जोडावेत. क्रोएटोआन हे बेटाचं आणि तिथल्या लोकांचं नाव होतं. रोआनोकच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर, आजच्या हॅटरस बेटाच्या भागात. मँटिओ नावाचा माणूस तिथलाच. तो १५८४ मध्ये आणि पुन्हा १५८६ मध्ये इंग्लंडला जाऊन आला होता, इंग्रजी बोलत होता, १३ ऑगस्ट १५८७ ला त्याचा बाप्तिस्मा झाला होता आणि इंग्रजांनी त्याला रोआनोकचा 'लॉर्ड' वगैरे करून टाकलं होतं. त्याची आई त्या बेटावरची मोठी मानकरी. व्हाइटला या शब्दाचा अर्थ चांगलाच माहीत होता.

आणि तो नुसता झाडावरचा ओरखडा नव्हता. निघण्यापूर्वी व्हाइटने लोकांशी पक्की बोली केली होती: जागा सोडलीत तर जिथे जाल त्या ठिकाणाचं नाव झाडावर किंवा खांबावर कोरा, संकटात निघालात तर नावाच्या वर क्रूस कोरा. १८ ऑगस्ट १५९० ला सकाळी वाळूच्या उंचवट्यावर चढताना एका झाडावर त्याला तीन सुबक रोमन अक्षरं दिसली: CRO, म्हणजे 'क्रो'. पुढे कोटाच्या दारात उजव्या हाताचा मुख्य खांब. त्याची साल काढलेली. जमिनीपासून पाच फुटांवर, मोठ्या ठसठशीत अक्षरांत, अख्खा शब्द. वर क्रूस नाही.

खांबाची साल काढून, डोळ्यांच्या उंचीला, दारात, येणाऱ्याला आधी दिसेल असं. याला गूढ शब्द म्हणायचं असेल तर कुलूप घातलेल्या दारावरची 'शेजारी चौकशी करावी' ही पाटीसुद्धा गूढच म्हणायला हवी. व्हाइट तर लिहितो की आपली माणसं क्रोएटोआनला सुखरूप असल्याची खूण मिळाली म्हणून त्याला फार आनंद झाला. आनंद! ज्याची मुलगी आणि नात हरवली असं आपण समजतो, तो बाप ती खूण बघून सुटकेचा श्वास टाकतो. आणि आपले यूट्यूबवाले त्याच क्षणाला मागे भीतिदायक संगीत लावतात.

"जंग जंग पछाडूनही..."

माझा खरा राग या ओळीवर आहे. बाकीच्या ओळी निदान करमणूक करतात, ही ओळ मात्र एका नालायकपणावर पांघरूण घालते. जंग जंग कोणीही पछाडलं नाही. पत्ता मिळाला, आणि त्या पत्त्यावर कोणी गेलंच नाही.

व्हाइट १५९० मध्ये आला तो स्वतःच्या जहाजातून नव्हे. लंडनचा व्यापारी जॉन वॉट्स याच्या लुटारू जहाजांवर त्याला एक उतारू म्हणून जागा मिळाली होती. राणीचा परवाना घेऊन स्पॅनिश जहाजं लुटणं हा तेव्हाचा प्रतिष्ठित धंदा होता. वसाहतीसाठी नवी माणसं किंवा सामान घ्यायला त्या कप्तानांनी साफ नकार दिला. उन्हाळाभर कॅरिबियनमध्ये लूटमार करून झाल्यावर, वादळांचा मोसम तोंडावर आल्यावर त्यांनी उत्तरेचा रस्ता धरला. (हाच वॉट्स १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला. आपल्याकडे येण्याआधी ही मंडळी कुठे तालीम करत होती ते यावरून कळावं.)

कडू विनोद असा की रोआनोकला पोचण्यापूर्वी काही दिवस त्यांची जहाजं क्रोएटोआन बेटाच्याच टोकाशी नांगर टाकून थांबली होती. पाण्याची खोली मोजली आणि पुढे गेली. तेव्हा कोणाला काही माहीत नव्हतं, ठीक आहे. मग रोआनोकच्या बाजूला मोठा धूर दिसला, आशा वाढली. १७ ऑगस्टला किनाऱ्याकडे जाताना एक होडी लाटांत उलटली आणि कप्तान स्पायसरसह सात जण बुडाले. उरलेले खलाशी परत फिरायला निघाले होते, त्यांना कसंबसं राजी केलं. रात्री अंधारात बेटाजवळ पोचल्यावर त्यांना झाडीतून जाळ दिसला. त्यांनी होडीतूनच कर्णा फुंकला, ओळखीची इंग्रजी गाणी म्हटली, हाका मारल्या. उत्तर नाही. उजाडल्यावर पाहिलं तर गवत आणि वाळकी झाडं जळत होती.

खांबावरचं नाव वाचून झाल्यावर ठरलं की दुसऱ्या दिवशी क्रोएटोआनला जायचं. पण सकाळी नांगर उचलताना दोर तुटला, नांगर गेला. दुसरा टाकला तोही गेला, आणि जहाज किनाऱ्यावर आपटता आपटता वाचलं. एकच नांगर उरला. वारा वाढत होता, खाणं संपत आलं होतं. मग बेत असा झाला की दक्षिणेला जाऊन हिवाळा काढू, पाणी भरू आणि परतताना वसाहतवाल्यांना भेटू. वाऱ्याने जहाज अझोरेसकडे नेलं आणि २४ ऑक्टोबरला व्हाइट प्लिमथला उतरला. नंतर तो अमेरिकेला गेल्याची नोंद नाही. १५९३ मध्ये आयर्लंडहून त्याने हॅकलुइटला पत्र लिहिलं, तेव्हा त्याने तो विषय देवावर सोपवलेला होता.

वादळ खरं होतं, त्यात शंका नाही. पण वादळ एका आठवड्याचं असतं. पुढची बारा वर्षं काय झालं? वॉल्टर रॅले, ज्याच्या नावावर वसाहतीचा परवाना होता, तो १५९५ मध्ये गियानात सोनं शोधत फिरला आणि परतताना व्हर्जिनियाकडे (रोआनोकच्या किनाऱ्याचं तेव्हाचं इंग्रजी नाव) जायचं होतं पण हवामान आडवं आलं म्हणाला. १६०२ मध्ये त्याने सॅम्युअल मेस याला पाठवलं. मेसची माणसं हॅटरसच्या बरीच दक्षिणेला उतरली आणि त्यांनी महिनाभर सॅसफ्रस गोळा केलं. ही झाडाची साल-मुळं तेव्हा युरोपात औषध म्हणून सोन्याच्या भावाने विकली जात. मग सांगितलं काय, तर हवा खराब आणि नांगराचं सामान गेलं, म्हणून शोध घेता आला नाही. तेच कारण, दुसऱ्यांदा. इतिहासकारांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे: हे लोक जिवंत आहेत असं मानलं जात होतं तोवर त्या किनाऱ्यावरचा रॅलेचा हक्क जिवंत राहत होता. ते मेल्याचं सिद्ध होण्यात त्याचं नुकसान होतं. त्यापेक्षा न शोधणं स्वस्त.

१६०७ मध्ये जेम्सटाउन ही इंग्रजांची नवी वसाहत वसली, तेव्हा चौकश्या झाल्या. त्यांतून दोन प्रकारच्या बातम्या आल्या. एक, आत कुठेतरी युरोपीय कपडे घातलेली माणसं आहेत. स्पॅनिश राजदूताच्या हाती लागलेल्या १६०८ च्या नकाशावर रोआनोकहून आलेले चार जण अमुक गावी राहतात अशी टीपच आहे. दुसरी, तिथल्या पोहाटन या स्थानिक राजाने त्यांची कत्तल केली. ही दुसरी बातमी विल्यम स्ट्रॅची वगैरेंनी लिहिली ती अशा वेळी, जेव्हा इंग्रजांना पोहाटनशी लढायला निमित्त हवं होतं. त्यामुळे ती पारखूनच घ्यावी लागते, आणि तिला जमिनीतून अजून कुठला पुरावा मिळालेला नाही.

"पो, इअरहार्ट, भुताळी जहाज..."

इथे फार वेळ घालवायला नको. अमेरिकन लेखक पो १८४९ मध्ये बाल्टिमोरच्या इस्पितळात वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने नंतर जे लिहिलं त्यात 'रेनॉल्ड्स' अशी हाक आहे आणि देवाची करुणा भाकणं आहे. क्रोएटोआन नाही. त्या डॉक्टरच्या आठवणीही दर वेळी बदलत गेल्या, पण हा शब्द त्याच्याही डोक्यात आला नव्हता. वैमानिक इअरहार्ट १९३७ मध्ये पॅसिफिकवर विमानासकट बेपत्ता झाली. ती वही कुठे, कोणापाशी आहे, हे मजकूर सांगत नाही.

सर्वांत मजेदार ते जहाज. कॅरोल ए. डीअरिंग, पाच डोलकाठ्यांचं, जानेवारी १९२१ च्या शेवटी हॅटरसच्या टोकाजवळ रेतीत रुतलेलं सापडलं. माणसं नाहीत, होड्या नाहीत, दिशादर्शनाची उपकरणं नाहीत. आणि नोंदवहीही नाही! नोंदवही गायब असणं हा तर त्या प्रकरणाचा गाभाच आहे. मग तिच्या शेवटच्या पानावर काय लिहिलं होतं ते वाचलं कोणी? माझा कयास असा की ताटातलं अन्नसुद्धा इथूनच आलं असावं. या जहाजाच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकाची तयारी चालू असल्यासारखं दिसलं होतं. दोन्ही घटना हॅटरसच्या, दोन्हींत माणसं बेपत्ता. कोणीतरी दोन्हींची खिचडी केली आणि मग ती पुढे पुढे वाढली गेली.

"चारशे वर्षं शास्त्रज्ञ हतबल आहेत"

हतबल नाहीत, भांडत आहेत. दोन्हींत फरक आहे.

१९९८ मध्ये त्या भागातल्या शेकडो वर्षं जुन्या सायप्रस झाडांच्या खोडांतल्या वार्षिक वर्तुळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की १५८७ ते १५८९ ही आठशे वर्षांतली सर्वांत कोरडी तीन वर्षं होती. म्हणजे हे लोक नेमके महादुष्काळात उतरले. हे कळल्यावर व्हाइटच्या १५८७ च्या लिखाणातली एक साधी ओळ वेगळी वाटू लागते. क्रोएटोआनचे लोक पहिल्याच भेटीत इंग्रजांना विनवतात की आमचा मका घेऊ नका, सांडू नका, आमच्याकडेच थोडा आहे. दुसरी विनंतीही आहे: आम्हाला काहीतरी खूण द्या, म्हणजे तुम्ही आम्हाला शत्रू समजून मारणार नाही, गेल्या खेपेला तुमच्या लोकांनी आमच्यातल्यांना जखमी केलं होतं. आणि झालं तेच. जॉर्ज हाऊच्या खुनाचा सूड घ्यायला व्हाइटने पहाटेच्या अंधारात मुख्य भूमीवरच्या एका गावावर हल्ला चढवला. खुनी आधीच पळाले होते. तिथे होते ते क्रोएटोआनचे मित्र, मागे राहिलेला मका गोळा करायला आलेले. बायका-मुलांसकट.

इंग्रजांनी आसपासच्या लोकांशी वैर ओढवून घेतलं ते मात्र याच्याही आधी. १५८५ मध्ये इंग्रजांची आधीची एक तुकडी इथे आली होती. तेव्हा चांदीचा एक पेला चोरीला गेला म्हणून तिचा म्होरक्या रिचर्ड ग्रेनव्हिल याने अख्खं गाव आणि उभा मका जाळला होता. १ जून १५८६ ला, त्याच तुकडीचा बेटावरचा प्रमुख राल्फ लेन याच्या माणसांनी विंगिना या स्थानिक प्रमुखाला ठार केलं होतं. ज्यांच्या धान्यावर जगायचं त्यांच्याशीच असं वागल्यावर रोआनोकवर राहणं शक्य नव्हतं. मूळ बेतही चेसापीकच्या उपसागरात वसायचा होता. फर्नांडिसने मोसम सरल्याचं सांगून रोआनोकलाच उतरवून टाकलं. व्हाइट निघाला तेव्हाच पन्नास मैल आत, मुख्य भूमीवर सरकायची चर्चा झाली होती.

आता दुष्काळात, जेमतेम मका असलेल्या छोट्या बेटावर शंभरावर पाहुणे एकदम कसे मावतील? मावणार नाहीत. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की लोक फुटून गेले, काही क्रोएटोआनला, काही आत. २०१२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये व्हाइटच्या नकाशावर चिकटवलेला एक कागदाचा तुकडा तपासला, तर त्याखाली किल्ल्याची खूण निघाली. अल्बेमार्ल साउंड या खाडीच्या पश्चिम टोकाशी, नद्या येऊन मिळतात तिथे. तिथल्या खोदकामात त्या काळाच्या इंग्रजी धाटणीच्या भांड्यांची खापरं मिळाली. मोठी वस्ती नव्हे, थोडी माणसं थोडे दिवस राहिली असावीत, इतपत.

हॅटरसवर, बक्स्टनला, वर्षानुवर्षं खोदकाम चालू आहे. तिथे स्थानिकांच्या वस्तीत युरोपीय वस्तू मिळतात: तलवारीच्या मुठीचा भाग, लिहायच्या पाटीचा तुकडा. १९९८ मध्ये तिथे सिंहाचं चिन्ह असलेली एक अंगठी मिळाली. ती सोन्याची, रोआनोकला आलेल्या एका इंग्रज घराण्याची, असं म्हणून खूप गाजली. २०१७ मध्ये तपासणी झाली तेव्हा ती पितळेची निघाली. अलीकडे पुरातत्त्वज्ञ मार्क हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहारकामात घणाखाली उडणाऱ्या लोखंडी पापुद्र्यांचा ढीग सापडल्याचं जाहीर केलं. त्यांचं म्हणणं असं की हे काम स्थानिकांचं नाही, म्हणजे इंग्रज लोहार तिथे राहत होता. विरोधकांचं म्हणणं असं की ते कण नंतरच्या काळातले असू शकतात, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचे. हा वाद अजून मिटलेला नाही. मधल्या काळात खोटे पुरावेही पिकले. १९३७ नंतर एलेनॉर डेअरने कोरले म्हणून दगडांमागून दगड सापडू लागले, आणि १९४१ मध्ये एका पत्रकाराने त्यांतल्या बहुतेकांचं पितळ उघडं पाडलं. पहिल्या दगडावर तेवढा अजून खल चालतो.

राहिला जॉन लॉसन. १७०१ मध्ये हा इंग्रज प्रवासी कॅरोलायनात फिरला. हॅटरसच्या लोकांनी त्याला सांगितलं की आमच्या पूर्वजांपैकी काही जण गोरे होते आणि ते तुमच्यासारखे 'पुस्तकात बोलायचे', म्हणजे वाचायचे. त्यांच्यातल्या काहींचे डोळे करडे असल्याचं लॉसनने नोंदवलं. हे आसपासच्या इतर जमातींत त्याला दिसलं नव्हतं. डीएनए करून टाका की, असं कोणीतरी लगेच म्हणतं. पण जुळवायला त्या ११६ जणांपैकी कोणाचा खात्रीचा नमुना तर हवा, आणि मधल्या शतकांत त्या किनाऱ्यावर कितीतरी इतर युरोपीय माणसं आली-मिसळली. त्यामुळे लॉसनच्या ओळीवर कोर्टात टिकेल असं काही उभं राहत नाही. पण १५९० मध्ये खांबावर जे नाव होतं, त्याच बेटावर ११० वर्षांनी ही आठवण सांगणारी माणसं भेटतात. आणि 'सगळे नाहीसे झाले' असं म्हणणाऱ्याला आधी या माणसांना गणतीतून वगळावं लागतं.